फुकटातला डावा कान

"फुकट आहे ताई, पण फालतू नाही," असं म्हणत साउंडवाले भाऊ लॅपटॉप माझ्याकडे वळवायचे, आणि मग मान अशी फिरवायचे की त्यांचा उजवा कान बरोबर माझ्या तोंडासमोर यावा. नवख्या माणसाला वाटायचं, हे रुसून भिंतीकडे पाहत बसलेत. तसं काही नव्हतं. त्यांचा डावा कान गेला होता.

नागपूरच्या जरीपटक्यात आमच्या घरासमोर, वरच्या मजल्यावर ते राहायचे. गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, सगळ्यांचे ते साउंडवाले भाऊ. अर्धं आयुष्य त्यांनी ऑर्केस्ट्रा आणि लग्नांच्या स्टेजवर काढलं, आणि स्टेजवर त्यांची जागा ठरलेली, मोठ्या स्पीकरच्या भिंतीला डावा खांदा लावून. एका सकाळी उठले तर डावीकडे नुसती शांतता. डॉक्टर म्हणाले, नस गेली, मशीन लावूनही उपयोग नाही. मग स्टेज सुटलं, आणि त्यांनी घरातल्या खोलीत गाणी रेकॉर्ड करून देण्याचं काम धरलं.

तुम्ही अशा खोल्या पाहिल्या असतील. खिडकीला जुन्या गाद्या, भिंतीला गोधड्या, मधोमध एक माइक, आणि मे महिन्यातही रेकॉर्डिंग सुरू झालं की कूलर बंद. आम्ही विहाराच्या गायन मंडळातल्या बायका तिथे घामाघूम होऊन गायचो आणि भाऊ काचेच्या ग्लासात सगळ्यांना थंड पाणी द्यायचे. कूलर बंद केल्याची भरपाई असावी ती.

गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा गळा, ढोलकी, पेटी सगळं वेगवेगळं पडलेलं असतं. ते कमीजास्त करून, डावी-उजवीकडे मांडून त्याचं एक गाणं करायचं, याला मिक्सिंग म्हणतात, हे मला भाऊंकडूनच कळलं. मी शाळेत गणित शिकवते, माझा काय संबंध. या कामासाठी सॉफ्टवेअरवर वरून बसवायची लहानलहान अवजारं मिळतात, ती प्लगिन. एक आवाज घुमवतं, एक खरखर काढतं, एक ढोलकीला आवर घालतं. विकतची चांगली असतात. भाऊ फुकटची शोधायचे. कोणी पोरगं चोरीची कॉपी घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवायचे. "बनवणाऱ्यानं फुकट दिलं तर घेतो. चोरून आणलं तर हात नाही लावत मी," म्हणायचे.

पण फुकटातही किती डोकेदुखी असते, ते त्यांच्याकडे बसल्याशिवाय कळायचं नाही. एखादं प्लगिन पंधरा दिवस गोड वागायचं आणि मग गाण्याच्या मधोमध फुस्स करून पैसे मागायचं. एखादं बसवायला गेलं की सोबत तीन भलतीच सॉफ्टवेअरं घरात शिरायची. एखादं इतकं नवं की भाऊंच्या म्हाताऱ्या लॅपटॉपला त्याचा भार सोसायचा नाही. त्यामुळे नवं काही मिळालं की ते भाजीबाजारात वांगी घेतात तसं उलटंपालटं करून पाहायचे. आणि त्यासाठी त्यांच्याकडे एकच नमुना होता. एकदा चुकून माइक चालू राहिला आणि वहिनींचं एक वाक्य रेकॉर्ड झालं, "आता बंद करा ते." मागून कुकरची शिट्टी. गळा, खरखर, शिट्टी, सगळं त्यात असल्यामुळे भाऊंच्या मते तपासायला याहून बरा नमुना नव्हता. समोरच्या खिडकीतून वहिनी कधी विहिरीतून "आता बंद करा ते" म्हणायच्या, कधी रेडिओवरून, कधी एखाद्या भल्या मोठ्या सभागृहातून. खऱ्या वहिनी स्वयंपाकघरातून तेच म्हणत असायच्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि घरी आल्यावर त्यांना शांतता हवी असायची.

बुद्ध पौर्णिमेला मैदानात वाजवायला मंडळाने नवीन गाणी करायची ठरवली आणि ते काम भाऊंना दिलं. पहिलं गाणं तयार झालं. आम्ही ते मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या गाडीत लावलं. डावीकडून ढोलकी अशी दणदणत होती की बाकी सगळ्या बायका रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून गातायत असं वाटावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ढोलकी तर अंगावर येऊन राहिली वं. गाणं कुठं आहे याच्यात?" बायका हसल्या. भाऊही हसले. पण मी पाहिलं, त्यांचे कान लाल झाले होते, चालणारा आणि न चालणारा दोन्ही.

काय झालं असेल ते मला तिथेच कळलं. ढोलकी त्यांनी डावीकडे मांडली होती. हेडफोनमध्ये ती त्यांना ऐकू येईना, म्हणून ते वाढवत गेले, वाढवत गेले. कान गेल्याचं त्यांनी गल्लीत कोणालाही सांगितलं नव्हतं. ते आणि वहिनी, दोघांनाच ठाऊक. मी मान फिरवण्यावरून ओळखलं होतं, पण ओळखलंय हे बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आल्यावर सरळ वर गेले. भाऊ हेडफोन उलटा घालत होते, मग सुलटा, मग पुन्हा उलटा.

"काहून गा भाऊ, डाव्या कानाचं कोणालेच सांगतलं नाही?" मी म्हटलं.

त्यांनी हेडफोन खाली ठेवला. "तुमाले माहीत आहे?"

"आहे."

त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "उलटा घातला की डावीकडचं ऐकू येते. पण तोवर उजवीकडचं विसरून जातो मी. दोन्ही संगं कधी भेटतच नाही. आणि ह्या कामातून गेलो ना ताई, तर मले काहीच येत नाही दुसरं. लोकायले काय सांगू, मी कोण आहे म्हणून?"

मी धीर देणाऱ्यांतली नाही. वर्गात एखाद्याचं गणित चुकलं की मी खडू उचलते. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसले. "मी सांगते डावीकडे काय आहे ते. तुम्ही करा."

त्या दिवसापासून मी त्यांचा डावा कान झाले. शाळा सुटल्यापासून भाजीवाला येईपर्यंत माझी ड्यूटी. ते गाणं लावायचे, मी सांगायची, ढोलकी जास्त, टाळ्या कमी, पेटी कुठेतरी कपाटात आहे. बिचारे माझ्या त्या भाषेतून अर्थ काढायचे. एक दिवस मी म्हटलं, "आणि माझा आवाज फारच दबून राहिला."

"ताई," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "तुमचा आवाज उजवीकडे आहे. तो मले ऐकू येते चांगला."

वहिनी दारात उभ्या राहून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

काम पुढे सरकत होतं, पण खरं सांगायचं तर मी कान म्हणून यथातथाच होते. दमून आलेली असायची, डुलकी लागायची. ढोलकीवाल्या बाईंशी माझं थोडं वाकडं होतं, त्यामुळे ढोलकी मला रोजच जास्त वाटायची. भाऊंना हे कळत असणार. त्यांनी एका शब्दाने कधी म्हटलं नाही. फक्त मी गेल्यावर ते पुन्हा शोधायला बसायचे. सगळ्या बाजू एका कानात ऐकवणारं, आणि बोटाच्या एका दाबाने डावी-उजवी अदलाबदल करणारं काहीतरी त्यांना हवं होतं. पडद्यावर हिरव्या पट्ट्या नाचायच्या, त्यावरून बाजू जड की हलकी ते दिसायचं. "पण पट्टी सांगते किती आहे. काय आहे ते नाही सांगत," म्हणायचे. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नव्हती. बाहेर जे मिळे ते एक तर विकतचं, नाही तर त्या लॅपटॉपवर चालेना.

मग भंडाऱ्याला माझ्या भाचीचं लग्न निघालं. मी चार दिवस गेले आणि पौर्णिमा तोंडावर आलेली असताना काम ठप्प झालं. लग्नघरातही मला चैन पडेना. हळद लावून घेत होते आणि डोक्यात दुसऱ्या गाण्याची पेटी.

परत आले ती बॅग घरात टाकून वर धावले. भाऊ माझी वाटच पाहत होते. त्यांनी नेहमीसारखा लॅपटॉप वळवला. पडद्यावर राखाडी रंगाची एक चौकोनी डबी होती, तिच्यावर दोन बटणं. दिसायला अगदीच गरीब. त्यांनी माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि पहिलं बटण दाबलं. डावी-उजवी बाजू एकमेकीत मिसळून सगळं मधोमध आलं. दुसरं दाबलं. ढोलकी टुणकन उजवीकडे गेली.

"हे जिथून आणलं ते पान वाचून द्या मले," ते म्हणाले. "अर्धंच समजलं."

कुठल्याशा दूरच्या देशातल्या माणसाचं ते पान होतं. त्याने इंग्रजीत चार ओळीच लिहिल्या होत्या. लहानपणी आजारात माझा एक कान गेला, संगीताचं काम सोडवत नव्हतं, म्हणून हे स्वतःसाठी बनवलं, माझ्यासारख्या कोणाला उपयोगी पडलं तर घ्या, पैसे नकोत. जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल असं पाहिलं आहे.

मी मराठीत सांगितलं. भाऊंनी पुन्हा सांगायला लावलं. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि गादीचं निघालेलं टोक उगाच खोचत उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि ते बरंच झालं, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढ्या मोठ्या जगात कोणीतरी एका कानाचा माणूस बसून दुसऱ्या एका कानाच्या माणसाचा विचार करतो, त्याचा लॅपटॉप जुना असेल हेही त्याच्या मनात येतं, याचं मला फार बरं वाटलं. अजून वाटतं.

"त्याले लिहा ताई, पोचलं म्हणून," भाऊ तिकडूनच म्हणाले. "नागपूरले पोचलं म्हणून लिहा."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. भाऊंनी कधी विचारलंही नाही.

वळून आल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. डावीकडची माझी खुर्ची उचलली आणि आपल्या उजव्या हाताला आणून ठेवली. "आता इकडं बसा. इतके दिवस तुम्ही काय काय बोलल्या, अर्धं मले आलंच नाही ऐकू." मी बसले खरी, पण नोकरी सुटल्यासारखं थोडं वाटलंच.

पौर्णिमेच्या संध्याकाळी मैदानात आमची गाणी लागली. माणसं खीर घेत होती, पोरं धावत होती, उन्हाने तापलेली जमीन अजून गरम होती. भाऊ स्पीकरपाशी थांबले नाहीत. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते चालत राहिले आणि लोकांचे चेहरे पाहत राहिले. कोणीच काही म्हटलं नाही. गाणं कसं झालंय याचा कोणाला विचारही पडला नव्हता, लोक फक्त ऐकत होते, मधूनच गुणगुणत होते. अध्यक्षबाई तेवढ्या म्हणाल्या, "यावर्षी ढोलकीवाली शहाणी झाली वं." भाऊंनी ते श्रेय ढोलकीवालीलाच जाऊ दिलं.

त्यानंतर कामं येऊ लागली. गल्लीतही त्यांनी कान गेल्याचं सांगून टाकलं, आणि आता लोक आपसूक त्यांच्या उजवीकडून बोलू लागले. पुढे वहिनींची बदली कुहीला झाली. गाद्या, गोधड्या, माइक सगळं एका टेम्पोत बसलं. मला वाटलं, तालुक्याच्या गावी कोण गाणी करवून घेणार. पण तिकडे धानाच्या बांध्यांमधल्या गावागावात दंडारीची, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याची, मंडळं आहेत. रात्रभर नाचणारी, गाणारी माणसं आहेत, आणि त्यांची गाणी आजवर मोबाइलच्या खरखरीतच अडकलेली होती. भाऊंना तिथे इथल्यापेक्षा जास्त काम आहे.

समोरच्या वरच्या खोलीत आता एक कुटुंब राहतं. त्यांची खिडकी उघडी असते, कूलर दिवसभर चालतो. मला अजून त्या आवाजाची सवय झालेली नाही.

मागच्या आठवड्यात भाऊंनी एका दंडारीच्या मंडळाचं गाणं पाठवलं. नुसतं गाणं, सोबत एक अक्षर नाही. मी हेडफोन लावला, आणि काय वाटलं कोणास ठाऊक, उजवीकडचा कानावरून बाजूला सरकवला. फक्त डावी बाजू ऐकली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ढोलकी होती, जिथे हवी तिथे. मागून झील धरणाऱ्या तीन-चार माणसांचे गळे होते, एकात एक न मिसळता, प्रत्येकाचा वेगळा. कोणीतरी कडव्याच्या आधी श्वास घेतला होता, तोही नीट ऐकू आला. मी चूक शोधायला बसले होते, हे मला गाणं संपल्यावर कळलं.

मी लगेच फोन लावला.

"ऐकलं गा भाऊ."

"मग? काय कमीजास्त आहे?"

"काहीच नाही. सांगायसारखं काही सापडलंच नाही मले."

पलीकडे मागे एक गाणं वाजत होतं आणि फोन खरखरला. बहुधा ते फोन नीट उजव्या कानाला लावत असावेत.

"मग फोन कायले केला ताई?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "गप्पा मारायले."

"थांबा मग," ते म्हणाले, आणि मागे चालू असलेलं गाणं त्यांनी बंद केल्याचं मला ऐकू आलं.