तिबेटातून आलेली तलंग

लग्नाला वर्ष होत नाही तोच माझ्या मालकांची बदली हिमालयापलीकडे, तिबेटात झाली. ते तारखात्यात होते, आणि तेव्हा तिकडेही इथल्या सरकारची तारकचेरी होती. जाताना त्यांनी माझ्या माहेरचा, टाकव्याचा एक कोंबडा आणि दोन कोंबड्या डालग्यात घालून नेल्या. लोणावळ्याच्या फलाटावर इंजिनाच्या वाफेत माणसं पुसट झाली, तरी डालग्यातली कुरकुर ऐकू येत राहिली.

"उन्हाळ्यात तुला नेतो. संसार तिकडंच मांडू," ते म्हणाले.

ते गेल्यावर मला दिवस राहिल्याचं कळलं. तसं त्यांना कळवलंही. उन्हाळा आला, पण बोलावणं आलं नाही. त्यांच्या सोबत्याची बायको तिकडे गेल्याचं ऐकलं, तेव्हा मी चुलीपुढे बसून धुराच्या नावाखाली रडले. मुलगी इथेच, सासरी तुंगार्लीतच झाली. धुकं घरात शिरायचं, पाळण्यावर येऊन थांबायचं, आणि मला वाटायचं, हे त्यांच्याकडूनच चालत आलंय.

ते परतले तेव्हा मुलगी चांगली बोलत होती. खांद्यावर वळकटी, हातात डालगं, आणि डालग्यात एकच तांबूस तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी.

"आपल्या कोंबड्या कुटं हायेत?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. ही त्यांच्यातलीच एकीची लेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावच्या तलावाच्या बांधावर बसलो होतो. पलीकडचा काठ दिसत नव्हता. मी एवढंच म्हटलं, "मला बोलावलं नाहीत."

त्यांनी बांधावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाले, "कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसवली. एकही पिल्लू निघंना. शेवटी अंडी फोडली. आत पिल्लं पुरी झालेली, पिसं, चोच, समदं. पण मेलेली. दोनदा तसंच झालं. शेजारच्या म्हातारीनं तिच्या कोंबडीची अंडी दिली, ती आपल्याच कोंबडीखाली ठेवली, तर भराभर पिल्लं निघाली."

"असं कसं?"

"हवा लय पातळ तितं. चार पावलं टाकली की धाप लागती. तिथल्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच हवेत जगल्यात, त्यांच्या रक्तात ते मुरलंय. आपल्यांच्या न्हाई. पुढं आपला कोंबडा मेला, आपली कोंबडी तिथल्या कोंबड्याबरोबर फिरायला लागली. मग कुटं एक-दोन पिल्लं जगली." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "तुझा निरोप आला तवा मी ती अंडी फोडून बसलो व्हतो. तुला कसा बोलावणार?"

"माणसाचं लेकरू म्हणजे अंडं आहे का?"

"न्हाई. पण भ्यालो."

इतक्या वर्षांचा राग होता, तो कुठे ठेवावा कळेना. मी त्यांचा हात धरला. बोटांची कातडी थंडीने तडकून खडबडीत झाली होती.

तलंग आमच्याकडे रुळली. धुकं दाटलं की इतर कोंबड्या खुराड्यात शिरत, ही अंगणभर शांत हिंडत राही. पांढऱ्यात मध्येच तिचा तांबूस रंग उमटे, विरे. पुढे ती खुडूक झाली, तेव्हा मालक रोज डालग्यापाशी जाऊन बसत. पिल्लं निघायच्या सकाळी मुलीने अंड्याला कान लावला आणि बापाकडे बघून ओरडली, "आबा, आतून कोणतरी हाक मारतंय!"

त्यांनीही कान लावला. पहिलं कवच तडकेपर्यंत ते तसेच ओणवे होते, डोळे मिटून.