आमच्या साडूंच्या खुंट्या

पुण्यात गोल्फ खेळणारे पुष्कळ असतील, पण गोल्फ न येण्यासाठी आमच्या साडूंनी जेवढे कष्ट घेतले तेवढे दुसऱ्या कोणी घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शहरात संगणकाचं वारं शिरलं तेव्हा पाटबंधारे खात्यातली कायमची नोकरी सोडून हे गृहस्थ शहराबाहेरच्या एका काचेच्या इमारतीत जाऊन बसले. तिथे कोण्या परदेशी साहेबानं त्यांना सांगितलं, की जगातले मोठे निर्णय गोल्फच्या मैदानावर होतात. साडूंनी ते मनावर घेतलं. त्या मैदानावर त्यांच्या बाबतीत आजवर एकच मोठा निर्णय झाला आहे, तो म्हणजे यांना कुठल्याही गटात घ्यायचं नाही, हा. ते काठी फिरवतात तेव्हा चेंडू जागेवर राहतो, मातीचं ढेकूळ उडतं आणि आसपासची मंडळी अनुभवानं झाडाआड होतात. मी दर रविवारी त्यांच्यासोबत जातो. खेळातलं मला काही कळत नाही, पण तिथल्या उपाहारगृहात कटलेट चांगलं मिळतं.

साडूंची खरी करामत मात्र त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात आहे. बुधवार पेठेतून आणलेल्या छोट्या दिव्यांच्या उजेडात तिथे गोल्फचं सामान मांडलेलं असतं, आणि त्यातली एकही वस्तू दुकानातली नाही. "दुकानातलं काय, पैसे टाकले की येतं," असं ते म्हणतात. त्यांना हवं असतं आपल्या माणसांच्या हातचं. मग आपल्या माणसांना ते येतं की नाही, हा प्रश्न गौण. गोल्फच्या काठ्यांच्या डोक्यांना लोकरीच्या टोप्या घालतात, हे कळल्यावर त्यांनी ते काम आमच्या सामाईक सासूबाईंवर सोपवलं. सासूबाईंनी आयुष्यभर बाळांच्या टोप्या विणलेल्या, त्यामुळे काठ्यांनाही वर गोंडे आणि हनुवटीखाली बांधायला बंद आले. "वारं लागत असेल हो तिकडे मोकळ्यावर," हे त्यांचं स्पष्टीकरण. चेंडू ठेवायची गोणपाटाची पिशवी मार्केट यार्डातल्या एका हमालानं दाभणानं शिवलेली आहे. त्याची योग्यता काय, तर साडूंच्या लग्नातली तांदळाची पोती त्यानं वाहिली होती. मीही सुटलो नाही. गुणांचं कार्ड ठेवायला मी पुठ्ठ्याचं पाकीट करून दिलं, ते सगळ्यात खालच्या खणात आहे. पुण्याचा माणूस पाटी लावल्याशिवाय राहत नाही, तशी त्याच्यापुढेही एक चिठ्ठी आहे : 'थोरल्या साडूंकडून. हेतू चांगला होता.' अर्थात यातली एकही वस्तू कधी मैदान बघत नाही. हरवली तर? तुटली तर? खेळायला दुकानातलं सामान असतंच.

मधला खण मात्र कित्येक वर्षं रिकामा होता. चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावर एकच शब्द : 'अण्णा'.

अण्णा म्हणजे साडूंचे वडील. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. शनिवार पेठेतल्या घराच्या गॅलरीत छोटा लेथ बसवून त्यांनी निम्म्या पेठेला पोळपाट, देव्हारे, पाळण्याच्या दांड्या करून दिल्या. मुलाला मात्र साधं लाटणंही नाही. त्यानं कायमची नोकरी सोडली त्या दिवसापासून अण्णा त्याला अहो-जाहो करू लागले, आणि पुण्यात बापानं मुलाला अहो म्हणणं ही घराबाहेर काढण्याची सुसंस्कृत पद्धत आहे. साडू भेटायला गेले, की अण्णा सुनेला म्हणत, "साहेबांना विचार, आज चेंडू सापडला का." साडू हसत आणि चहा न पिता उठत. घरी आल्यावर त्या रिकाम्या खणाची काच पुसत. रोज पुसून पुसून ती काच इतकी स्वच्छ झाली होती, की आमची मेहुणी दोनदा तिच्यावर आपटली.

शेवटी मध्यस्थ म्हणून मला पाठवण्यात आलं. गोल्फमध्ये पहिला फटका मारताना चेंडू जमिनीत खोचलेल्या एका लाकडी खुंटीवर ठेवतात, तेवढी एक अण्णांच्या हातची मिळावी, एवढंच मागणं.

"कोणाला हवीय?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या चिरंजीवांना."

"साहेबांना तोंड नाही?"

"आहे, पण तुमच्यापुढे उघडत नाही."

अण्णांनी लेथ बंद केला. "चेंडू केवढा?"

"लिंबाएवढा."

"आणि खुंटी किती उंच?"

आता आली का पंचाईत. इतके रविवार सोबत जाऊन मी कटलेटपलीकडे काही निरखलेलं नव्हतं. "तुमच्या अंदाजानं करा," मी म्हणालो.

ती खुंटी असते बोटाएवढी, हे मला नंतर कळलं. पुढच्या आठवड्यात अण्णांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि फडक्यातून जी काढली ती पोटरीला लागेल एवढी होती. शिसवी, खाली अणकुचीदार, वर चेंडूला नेमकी वाटी, अंगावर काचेसारखं पॉलिश. मी छताकडे बघू लागलो.

"त्या यंत्रापुढे बसून बसून तुझी कंबर धरते, सूनबाई सांगत होती," अण्णा म्हणाले. "वाकायला नको, म्हणून उंच ठेवलीय."

कैक वर्षांनी त्यांच्या तोंडून 'तुझी' आलं होतं. साडूंनी खुंटी दोन्ही हातांत धरली. "अगदी बरोबर उंची आहे, अण्णा."

"मग चल, लावून दाखव. काम होतंय का ते बघितल्याशिवाय मी वस्तू देत नाही."

साडूंचा चेहरा उतरला. ज्या हातानं आजवर दुकानातल्या शेकडो खुंट्यांचे तुकडे केले, त्याच हातानं ही वाचवायची होती. मारू नये तर अण्णा खुंटी परत नेणार, मारावं तर ती राहणार नाही. मैदानावर आम्ही सरावाच्या कोपऱ्यात गेलो. जमिनीतून वर आलेली ती शिसवी खुंटी बघून चार जण आपला खेळ थांबवून उभे राहिले. साडूंनी न वाकता चेंडू ठेवला, काठी उचलली आणि फिरवली. काठी चेंडूच्या वरून बरोबर वीतभर अंतरानं गेली. चेंडू जागेवर, खुंटी जागेवर.

साडूंचे चुकलेले फटके मी इतके पाहिले आहेत, की हा चुकलेला नव्हता, हे मला लगेच कळलं. ठरवल्यासारखा फटका त्यांच्या हातून प्रथमच झाला होता.

"हलला नाही," अण्णा म्हणाले.

"नाही."

"वाकावं लागलं?"

"नाही, अण्णा."

"मग उंची कमी पडतेय. काठी वरून जातेय तुझी. ही ठेव तुला. पुढच्या रविवारी दोन बोटं वाढवून आणतो."

तिथून पुढे दर थोड्या दिवसांनी रविवारी सकाळी अण्णा फडक्यात नवी खुंटी घेऊन गाडीत बसत, साडू तितक्याच काळजीनं चेंडू चुकवत, आणि येताना दोघे लाकडाबद्दल बोलत. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला यातलं काही कळत नव्हतं, असं मला वाटत नाही. पण मी मागच्या सीटवर बांधून आणलेलं कटलेट खात असे. थंड झालं असलं तरी खात असे.

अण्णा गेले, त्याला आता बरेच दिवस झाले. मधल्या खणात खुंट्या मावेनात म्हणून साडूंनी वरच्या फळ्या काढून टाकल्या आहेत. पोटरीपासून सुरुवात होऊन शेवटची कमरेला लागते. तिला पॉलिश नाही, एका बाजूला पटाशीच्या खुणा तशाच आहेत. परवा मी म्हटलं, "अहो, एवढी एक कोणाकडून तरी पुरी करून घ्या."

"असू द्या," साडू म्हणाले. "तिची उंची अजून ठरायची आहे."