पाचव्या महिन्यातली भाकरी

पाचवा महिना लागला आणि माझ्या ताटातली भाकरी अर्धी झाली.

मी जळगावात वाढलेली, मॅट्रिक झालेली. सत्तर सालाच्या आसपास लग्न होऊन धुळ्याजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी आले. भाकऱ्या मी भाजायचे, पण वाढणं सासूबाईंच्या हातात होतं. मी त्यांना आत्या म्हणत असे. पहिले चार महिने उलट्यांत गेले, तेव्हा खाण्याचा प्रश्नच नव्हता. उलट्या थांबल्या आणि भूक अशी लागायला लागली की भाकरीच्या वासानेच जीव कासावीस व्हायचा. नेमकी तेव्हाच आत्यांनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली आणि उरलेली टोपलीत ठेवली.

"पोट एकच शे, जागा बी एकच," त्या म्हणाल्या. "तू भाकरी भरी टाकशी ते लेकरु कोठे राही?"

इकडे माझं शरीर थांबायला तयार नव्हतं. लुगड्याची गाठ रोज थोडी वर सरकत होती. चोळ्यांची शिवण दोनदा उसवून झाली. बेंबीखाली एक काळसर रेघ उमटली, केस कधी नव्हे इतके दाट झाले. आणि एका सकाळी, तव्यावर भाकरी फुगताना आतून ढकलते ना, तसं पोटात काहीतरी हललं. मी भाकरी करपू दिली आणि तशीच बसून राहिले. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? हे मी करत होते, आणि तेही अर्ध्या भाकरीवर.

पण अर्ध्या भाकरीवर ते फार दिवस चालणार नाही, हेही मला कळत होतं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची.

गोठ्यात म्हैस गाभण होती. संध्याकाळी आत्या तिच्यापुढे सरकीची ढेप ठेवत होत्या, रोजच्यापेक्षा दीडपट.

मी विचारलं, "आत्या, तिला जास्त आणि मला कमी?"

"म्हस ते म्हस शे. तिले दूध देनं शे."

"मग मी काय ताक देणार आहे?"

त्या हसल्या, पण हसू लगेच मावळलं. घमेलं खाली ठेवून तिथेच टेकल्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणात गेली, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी तिथे बसून सांगितलं. मूल मोठं होतं, अडलं. माहेरी आणून तिला तूप-भाकरी खाऊ घातली होती ती आत्यांनीच. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं, की आपल्या भाकरीनेच आपली पोर मेली.

आता भांडण्यात अर्थ नव्हता. घाबरलेल्या माणसाशी सौदा करावा, हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी, सुईणीच्या हातून, असं आईने ठरवलंय. मी तिला नाही म्हणून कळवते. बाळंतपण धुळ्यातल्या देवपूरच्या दवाखान्यात करीन, तुम्ही उशाशी बसा. पण भाकरी पूर्ण पाहिजे. आणि आधी तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारू."

महिना सरता सरता आम्ही एसटीने धुळ्याला गेलो आणि पांझरा नदी ओलांडून देवपूरला पोचलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या आणि आत्यांवरच उखडल्या, "रक्त कुठाय हिच्या अंगात? बाळ पिशवीत आहे आजी, जठरात नाही. आता त्याची हाडं भरतायत. ती कशातून भरणार?"

"अडकी गयं ते?" आत्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"अडलं तर सोडवायला आम्ही आहोत. उपाशी आईला मात्र आम्हीही ताकद देऊ शकत नाही."

मग त्यांनी माझ्या पोटावर बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी टेकवली, थोडी हलवून जागा शोधली आणि आत्यांना कान लावायला सांगितला. आत्या वाकल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत.

"पळी राहिनं वं माय," त्या म्हणाल्या. "आईनासारखं भुक्कड शे, भाकर मांगी राहिनं!"

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी स्वतः चूल पेटवली. गरम भाकरी हातात घेतली आणि सवयीने मोडली. टोपलीकडे हात गेला, थांबला, आणि दोन्ही अर्ध्या माझ्या ताटात आल्या. वर तूप नव्हतं. तूप घालायला त्यांना आणखी महिनाभर लागला.

देवपूरच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. चांगली मोठी होती, आणि तिने वेळही बराच लावला. आत्या पूर्ण वेळ माझा हात धरून बसल्या होत्या. माझ्या हातावर त्यांच्या बांगड्यांचे वळ उठले. पुढे गल्लीत कुणाला पाचवा महिना लागला की त्या तिच्या दारात जाऊन सासूला बजावायच्या, "बठ्ठी भाकर दे तिले, अर्धी नको. मनी सूनले इचार."

आणि मला कुणी विचारायला आलं, की मी सगळं सांगत असे. म्हशीपासून.