पिल्लांवरची जाळी

संध्याकाळ झाली की कोंबड्या आपणहून खुराड्यात जातात. बदकं जात नाहीत. त्यांना हाकावं लागतं, आणि हाकणाऱ्याचा आवाज त्यांच्या ओळखीचा असावा लागतो. माझी बायको ‘बा बा बा’ म्हणत त्यांच्या मागून सावकाश चालायची. कानडीत बा म्हणजे ये. कोल्हापूरकडची बाई, घरात सगळ्यांशी मराठी बोलायची, बदकांशी तेवढं कानडी. ती गेल्यावर मी तसंच म्हणून पाहिलं. बदकं मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली आणि केळीखाली जाऊन बसली.

आमचं घर व्हाइटफील्डच्या पुढे, होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. नोकरीची सगळी वर्षं मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात काढून निवृत्तीनंतर इथे आलो, तेव्हा भोवती नाचणीची शेतं होती. आता उंच इमारती आहेत. शेतं गेली तशी त्यांतली मुंगसं आणि घुशी जमिनीचा जो तुकडा उरला तिथे आली. म्हणजे आमच्या परसात.

पहिलं खुराडं आम्ही बाजारातल्या कोंबडीजाळीचं केलं होतं. त्या जाळीतून कोंबडी बाहेर पडत नाही एवढंच. बाहेरून कोण येईल याचा विचार ती विणणाऱ्यानं केलेला नसतो. मुंगसानं एका दुपारी ती फाडली. मग बायकोनं वेल्डिंगवाल्याकडून जाड तारेची, बारीक चौकटींची जाळी आणवली. तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वाकवून मातीत पुरली आणि वर दगड रचले, म्हणजे उकरणाऱ्याच्या नख्या तारेवरच घासाव्यात. दाराला दोन कड्या लावल्या, कारण एक कडी मांजर पंजानं उचलतं हे तिनं पाहिलं होतं. पुढच्या मोकळ्या अंगणावर नायलॉनची जाळी ताणली, घारीसाठी आणि कावळ्यांसाठी. मी पायरीवर वाचत बसलेला असायचो.

“अहो, ते पुस्तक ठेवा आणि ही तार धरा.”

मी एका हातानं तार धरायचो. दुसऱ्या हाताचं बोट पानात असायचं.

“दोन्ही हातांनी धरा. पुस्तक काही उडून जात नाही, कोंबडी जाते.”

कावळ्यांवर तिचा विशेष राग. मुंगूस भुकेपोटी येतं, ती म्हणायची, पण कावळा आधी नुसता बघायला येतो. कुठे काय उघडं आहे ते बघून जातो आणि मग चौघांना घेऊन येतो. म्हणून जाळीवर तिनं काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या होत्या, वाऱ्यावर फडफडणाऱ्या. स्वयंपाकघराच्या दाराशी वेळूची काठी टेकवलेली असायची. परसात कावळा दिसला की हातातली पोळी तव्यावर टाकून ती काठी घेऊन धावायची. पोळी करपायची.

शेवटच्या उन्हाळ्यात एक तांबडी कोंबडी खुडूक झाली. बायकोनं तिच्याखाली बदकाची अंडी ठेवली. बदकं स्वतः नीट उबवत नाहीत, कोंबडी मात्र कोणाचंही अंडं उबवते. त्यानंतर लगेचच बायकोला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. गाडीत बसताना ती म्हणाली, “बदकांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा आठवडाभर जास्त लागतो. तोवर मी येतेच.” कोंबडी अंड्यांवरून उठली नव्हती तेव्हाच बायको गेली.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे होते. एकही खाली येईना. ऊन चढत होतं. पुण्याहून आलेली मुलगी पुढे होऊन म्हणाली, “आई, बाबांची काळजी करू नकोस. मी येत जाईन.” कावळे तसेच. मेव्हण्यानं हात जोडले. “ताई, गावच्या देवीची ओटी मी भरीन गं.” काही नाही. मग तो माझ्या कानाशी म्हणाला, “भावजी, जन्मभर त्यांच्या मागे काठी घेऊन धावली. आता ते कशाला येतायत?” मला हसू आलं. त्या दहा दिवसांत पहिल्यांदाच. हसता हसताच मला कळलं की तिचा जीव कशात अडकला असेल.

मी पिंडांपुढे उभा राहिलो. आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी म्हणालो, “तुझी बदकाची पिल्लं मी वाढवीन. एकही जाऊ देणार नाही.”

कावळा आला. राखाडी मानेचा, एका पायाचं बोट तुटलेला. सरळ पिंडावर बसला.

पिल्लं निघाली ती घर रिकामं झाल्यावर. मुलगी परत गेली होती. पिवळी, ओलसर, चोचीच्या टोकाला अजून कवचाचा कण चिकटलेली. कोंबडीच्या अंगाला बदकासारखं तेल नसतं, त्यामुळे तिच्याखाली निघालेली पिल्लं पाण्यात फार वेळ राहिली तर भिजून गारठतात, हे मला बायकोनं कधीतरी सांगितलं होतं. मी पसरट परातीत बोटभर पाणी ठेवायचो. पिल्लं पाण्यात शिरली की ती कोंबडी परातीभोवती धावत आक्रोश करायची. रोज. आपण काय उबवलं हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तो बोट तुटलेला कावळाही रोज यायचा. दहाव्याचं तळं आमच्या घराच्या मागेच, कावळा तिथलाच असणार. हे मला ठाऊक होतं. तरी सकाळी माझा भात झाला की पहिली मूद मी परसाच्या भिंतीवर ठेवायचो. तो खाऊन होईपर्यंत उभा राहायचो. काही दिवसांनी मी त्याच्याशी बोलू लागलो. पिल्लांची खबर द्यायचो. आज सगळी पोहली, आज एक लंगडत होतं पण आता बरं आहे.

शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून बघत असत. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठी अर्धी कानडीत भिजलेली.

“अण्णा, तेरावं होऊन गेलं की. अजून काय कागेला जेवण?”

“असू दे हो, एवढासा भात.”

“बेडा अण्णा, नका देऊ. स्वल्प ऐका माझं. ते एकटं खात नाही, सगळ्या गल्लीला सांगून येतं. घरात पिल्लं आहेत तुमच्या.”

“जाळी आहे ना वर.”

“सरी,” अक्का म्हणाल्या. सरी म्हणजे बरं, पण त्यांच्या सरीमध्ये कधीच होकार नसतो.

मग एका सकाळी त्या कावळ्याचा पाय जाळीत अडकला. तो पंख आपटत ओरडत होता, वरून बाकीचे घिरट्या घालत होते. मी स्टुलावर चढलो. कात्रीनं जाळी कापून त्याला सोडवताना माझ्या तोंडातून तिचं नाव निघत होतं. तो उडाल्यावर मी ते भोक शिवलं नाही. उलट तेवढा भाग गुंडाळून मागे बांधला. काळ्या पट्ट्याही सोडल्या. तो पुन्हा अडकला तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुंगसासाठी पुरलेली तार जागेवर होती, दोन्ही कड्या जागेवर होत्या. सगळ्या बाजूंनी भक्कम आणि वरून उघडं असं ते घर मी केलं.

ती सकाळ ढगाळ होती. पिल्लं परातीत होती, कोंबडी भोवती धावत होती. कावळे आले तेव्हा मी पायरीवरच होतो, पुस्तक मांडीवर होतं. पहिला खाली उतरला तो माझा. त्यानं एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि भिंतीवर नेलं, जिथे मी मूद ठेवायचो तिथे. पायाखाली दाबून धरलं. तुटलेलं बोट मला स्पष्ट दिसत होतं.

काठी दाराशीच होती. मी ती हातात घेतली. पण उगारता येईना. त्या कावळ्यावर काठी कशी उगारणार होतो मी? तेवढ्यात बाकीचे उतरले. कोंबडी एकटीच त्यांच्यावर धावून जात होती, पंख पसरून, एकीकडून दुसरीकडे. शेवटी अक्का भिंतीपलीकडून हातातलं भांडं बडवत ओरडल्या, “अण्णा! मारा की! उभे काय राहिलात?”

उलटलेल्या परातीखाली एक पिल्लू वाचलं होतं. मी ते घरात आणलं, खोक्यात चादरीवर ठेवलं, वर दिवा लावला. ते सतत ओरडत होतं. बदकाचं पिल्लू एकटं राहू शकत नाही. कोंबडीजवळ ठेवलं तर ती त्याला टोचायला लागली. का, ते कळलं नाही. मुलीला फोन केला.

“बाबा, एखादं दुसरं पिल्लू आणा ना त्याच्या सोबतीला.”

“दुसरं तिचं नसेल.”

ती म्हणाली, “बाबा, तुम्ही जेवलात का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लाचं ओरडणं थांबलं.

मोठी बदकं आणि कोंबड्या अक्कांनी होसकोट्याला त्यांच्या बहिणीकडे पोचवल्या. रिक्षात टोपली ठेवताना त्या एकदाही बोलल्या नाहीत की ‘मी सांगितलं होतं’. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. नंतर मी जाळी पुन्हा ताणली, भोक शिवलं, पट्ट्या बांधल्या. आत काही नाही. तरी दाराच्या दोन्ही कड्या मी लावतो.

काल तिचं मासिक श्राद्ध होतं. पान वाढून परसाच्या भिंतीकडे निघालो. चालताना मनात शोधत होतो की या खेपेला तिला काय सांगायचं, कशाचा शब्द द्यायचा. काही सापडलं नाही. पान ठेवायला वाकलो तर तो आधीच येऊन बसलेला होता, हातभर अंतरावर. मी हात मागे घ्यायच्या आतच त्यानं भातात चोच घातली.