हिरीबाईचे राणीछाप रुपये

नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यावर हिरीबाईला सगळे तिच्या हारावरून ओळखत. काळ्या गोफात ओवलेले अकरा राणीछाप रुपये. तिच्या बापाने दरवर्षी भात विकून एकेक घेतला, सोनाराकडून प्रत्येकाला चांदीची कडी झाळून पक्की जोडून घेतली आणि लग्नात तो हार तिच्या गळ्यात घातला. नवरा वारला तेव्हा बायकांनी उतरव म्हटलं, तरी तिने तो उतरवला नाही.

तिचा धाकटा मुलगा जोएल सुरतेत कापडाच्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी त्याने मोबाइलवर पाहिलं, असाच एक रुपया लाखाला गेला होता. तो प्लास्टिकच्या सीलबंद डबीत होता, वर दर्जाचा नंबर छापलेला. नाणी तपासून असा नंबर देणाऱ्या कंपन्या असतात. एका नाण्याचे दीड हजार घेतात. पाठवावेत की नाही हे विचारायला तो आईला घेऊन सुरतेतल्या जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला.

व्यापाऱ्याने भिंगातून एकेक रुपया पाहिला. एकाचं साल दुर्मीळ निघालं. पण कडी झाळलेल्या नाण्याला नंबर मिळत नाही, कडी काढली तरी खूण राहते, उगाच पैसे घालवू नका, असं त्याने स्पष्ट सांगितलं. हिरीबाईला गुजराती चांगली कळते.

परतताना एसटीत जोएल म्हणू लागला की व्यापाऱ्यालाच ते स्वस्तात हवेत. "कड्या काढून घासून घेऊ. कोणाला कळणार?"

थोरल्या पौलसने स्लॅबचं घर बांधलं होतं आणि आईला एकदाही राहायला बोलावलं नव्हतं. हिरीबाईला आपलंही तसंच घर दिसू लागलं.

"घे," ती म्हणाली, आणि गोफाची गाठ सोडून हार त्याच्या हातात दिला.

सोनाराने कड्या कापल्या, कानस फिरवली, पॉलिश मारलं. पार्सल गेलं. तीन महिन्यांनी अकरा डब्या परत आल्या. नंबर एकीवरही नव्हता. कडी काढलेली, नाणं घासलेलं, असं डबीवर लिहिलेलं जोएलने वाचून दाखवलं. दुर्मीळ सालाच्या रुपयावरही तेच. व्यापारी आता चांदीच्या वजनाचा भाव सांगत होता.

आईनेच हार काढून दिला, असं जोएल बायकोला म्हणाला. रिबेकाने ते सासूच्या कानावर घातलं.

"खरं आहे," हिरीबाई म्हणाली. "त्या माणसाने सांगितलं होतं. मला कळलंही होतं."

डब्या फोडून पुन्हा कड्या बसवून देतो, असं जोएल म्हणाला. तिने नको म्हटलं. घासून त्यांच्यावरचा राणीचा चेहरा पुसट झाला होता. बापाने सगळ्यात पहिला घेतलेला रुपया कोणता, हे तिला ओळखू येत नव्हतं.

नाताळला चर्चमध्ये बायकांनी हार कुठे म्हणून विचारलं. विकला, असं तिने सांगितलं. किती आले, असं एकीने विचारलं.

"भरपूर," हिरीबाई म्हणाली, आणि पदर गळ्याभोवती ओढून घेतला.