शक मुकादमाचा आवाज

उखा माझा दीर. सख्खा नाही, आमच्या शिरपूरकडचा, आणि इथे परमुलखात, गोडादऱ्यात, आमची भिंत एकच. त्याच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं. माझ्या घरी कोण आलं ते त्याला चपलांवरून कळतं. अनोळखी जोड दिसला की येऊन दारात उभा राहतो. विचारत काही नाही, नुसता उभा राहतो.

असा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. दूधवाला हसून बोलला तर दुधात पाणी. नाही हसला तर जास्त पाणी. त्याची बायको सुंदरा होती तेव्हा म्हणायची, "यांना देवाने प्रसाद दिला ना भाभी, तर आधी देवालाच चाखायला लावतील."

अशा माणसाला सगळी खान्देशी वस्ती ओळखते ती हसवणारा म्हणून. वीस-एक वर्षांपूर्वी इथल्या केबलवर 'खातं चालू' नावाचा कार्यक्रम लागायचा. खातं म्हणजे आमच्या मागांचा कारखाना. लग्नाचं शूटिंग करणारा भाईदास तो काढायचा. छोट्या छोट्या गमती, सगळ्या अहिराणीत. त्यात उखा व्हायचा शक मुकादम. प्रत्येक कारागिरावर बॉबिन चोरल्याचा आळ घ्यायचा, भुवई वर चढवायचा आणि म्हणायचा, "माले शक शे." बस. एवढ्यावर लोक भाकरी तव्यावर टाकून हसत बसायचे. माझ्याही करपल्यात.

आता जे सांगते ते त्या वेळी फक्त तिघांना माहीत होतं. भाईदासला, उखाला आणि मला.

शूटिंगला शेठने खातं दिलं, पण माग बंद करू दिले नाहीत. त्या खडखडाटात आवाज कुठला पकडला जाणार? आणि आम्ही मागावरची माणसं तशीही गळ्याने बोलत नाही. ओठ हलवायचे, हात हलवायचे, पलीकडच्याला कळतं. मी बॉबिना भरायला जायचे, मलाही ती सवय. तर उखाने तिथे नुसते ओठ हलवले आणि आवाज नंतर भरायचा ठरलं. माझ्या खोलीत. दाराखिडकीला मी गोधड्या टांगल्या, भाईदासने माइक ठेवला आणि म्हणाला, बोल उखा.

उखा बोलायला लागला. भुवई चढली, हात नाचले, ओठ हलले. आवाज शून्य. भाईदासला वाटलं वायर तुटली. वायर बदलली. मग माइक बदलून आणला. उखा म्हणे या माइकमध्येच खोट आहे, मी केव्हाचा बोलतोय. खरंच त्याला वाटत होतं की तो बोलतोय. साधं चहा-पाणी मागायला त्याला गळा होता. पण मुकादम झाला की तो मनाने मागापुढेच उभा राहायचा, आणि मागापुढे गळा लागतो कशाला?

शेवटी भाईदासने स्वतः आवाज दिला. जाड, नाकातून येणारा, कुणावरच विश्वास नसलेला. लोकांना वाटलं उखाचा. भाईदास म्हणाला, वाटू दे, त्यातच मजा आहे. पुढे इथे मोठा पूर आला त्या साली त्याला कावीळ झाली आणि तो गेला. कार्यक्रम बंद पडला. त्याची बायको तान्हं पोर घेऊन माहेरी गेली. आवाज राहिला उखाच्या नावावर.

गेल्या काही वर्षांत कुणीतरी ते जुने तुकडे मोबाइलवर टाकलेत. पर्वत पाटियाच्या नाक्यावर रिक्षातली पोरं उखाला अडवतात. "काका, एकदा बोला ना, माले शक शे." उखा खोकतो, गळ्याकडे बोट दाखवतो, निघून जातो. पण त्या दिवशी घरी आला की चार घास जास्त जेवतो, हेही मी बघितलंय.

यंदा होळीनंतर माझ्या दारात नवे बूट दिसले. पोरगा उंच, हातात खमणचा पुडा.

"आजी, मी ललित. भाईदासचा."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, डोळे पुसले. मग खमणकडे बघितलं. इतक्या वर्षांनी येणारा माणूस खमण घेऊन येतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. त्याने मोबाइल काढून पालथा ठेवला. तेही मला आवडलं नाही. पालथा मोबाइल ऐकत असतो म्हणतात.

"मला 'खातं चालू' परत सुरू करायचंय," तो म्हणाला. "मोबाइलवर. उखाकाकाच मुकादम."

"कशाला?"

"लोकांना आवडतं, आजी."

"लोकांना पुष्कळ काय काय आवडतं."

तो हसला. तोपर्यंत उखा दारात येऊन उभा होता. त्याने बुटांकडे बघितलं, मग खमणकडे, मग माझ्याकडे. मी आवाज न करता ओठांनी सांगितलं, भाईदासचं पोरगं. उखा तिथूनच परत फिरला.

संध्याकाळी आला. "पलसाण्याला प्लॉट विकत असंल. आधी हसवतात, मग प्लॉट दाखवतात."

"मग नाही म्हणून टाक."

"नाही कशाला म्हणू? बघू तर दे काय डाव आहे."

डाव पोराचा असेल नसेल, याचा मला दिसत होता. दुसऱ्या दिवशी दाढी केली. पत्र्याच्या पेटीवरच्या आरशात भुवई चढवून बघत होता. एक भुवई आता चढत नाही, तिला बोटाने वर ढकलत होता. जीव तर अडकला होता कार्यक्रमात. पण तोंड उघडायला सांगितलं की संपलं. लोक विचारणार, मग तो आवाज कुणाचा? वीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार.

ललित पुन्हा आला. त्याने शर्टाला लावायचा बारका माइक आणला होता. "काका, नुसतं एकदा म्हणा. ट्रायल."

उखाने माइककडे विंचवासारखं बघितलं. "पोटात कळ आली," म्हणाला आणि गेला. पुढच्या खेपेला देवळात गेला. उखा आणि देऊळ! देवाला सुद्धा शक आला असेल.

मग पोरगाही बदलला. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायला लागला. एका दुपारी चहा हातात धरून म्हणाला, "आजी, खरं सांगा. काकांचं आणि पप्पांचं काही वाजलं होतं का?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण पप्पांचं नाव काढलं की काका उठून जातात. तुम्हीही विषय बदलता. मम्मी म्हणते जाऊ दे. एवढा चाललेला कार्यक्रम बंद पडला आणि नाव फक्त काकांचं राहिलं. त्यांनी पप्पांना फसवलं असं तर नाही ना?"

मी मान वर केली तर उखा गल्लीच्या पलीकडे, पानाच्या टपरीपाशी. एवढ्या लांबून ऐकू जायचं नाव नाही, शिवाय मागांनी त्याचे कान केव्हाच खाल्लेत. पण दार उघडं होतं आणि पोराचं तोंड त्याच्याकडे होतं. शब्द न् शब्द त्याने ओठांवरून उचलला. त्याचा चेहरा बघून मला कळलं.

त्या दिवशी तो जेवला नाही. त्याचा स्टो पेटलाच नाही, मला वासावरून कळतं.

सकाळी कामावर जाताना दारात थांबला. "दुपारी त्याला खात्यावर घेऊन या, भाभी. तुम्ही पण या."

"काय सांगणार आहेस?"

"बघू," म्हणाला. त्याच्या 'बघू'वर माझा विश्वास नाही, पण गेले.

खात्यात शिरलो की जमीनच हलते. ललितने कानांवर हात ठेवले. उखा दोन मागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभा होता, अंगावर सुताची धूळ. त्याने पोराला जवळ घेतलं, समोर उभं केलं, आणि बोलायला लागला. शूटिंगच्या वेळी बोलायचा तसाच. हात हलत होते, ओठ हलत होते. घरी दोन शब्दांत आटपणारा माणूस थांबेचना.

पोराला काही कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगते. त्या घडीला मी काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. काका म्हणतात त्यांचा गळा बसलाय, काका म्हणतात तुझा बाप देवमाणूस होता. पोराला ओठ वाचता येत नव्हते आणि उखाला ऐकू येत नव्हतं. उखाने बोलणं थांबवून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी बदलून सांगते की काय याचा त्याला शक होता. स्वतःचं नाव स्वतः घालवत होता, आणि त्यातही माझ्यावर पहारा.

मी ललितच्या कानाला तोंड लावलं आणि उखाचे शब्द जसेच्या तसे ओरडले. "तो आवाज मना नही. तुना बापना शे. मी नुसतं तोंड हालाडं. फसाडं मी लोकसले, तुना बापले नही."

पोरगा माझ्या कानाशी वाकला. "कुठला आवाज?"

"मुकादमाचा. सगळा तुझ्या बापाचा."

त्याने खिशातून मोबाइल काढला, कानाला लावला. त्या खडखडाटात काय ऐकू येणार? तसाच बाहेर गेला. मी मागून गेले. तो भिंतीशी उकिडवा बसून एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होता. मला म्हणाला, "आजी, आमच्याकडे पप्पांचे फोटो आहेत. कॅसेटी पण आहेत, सगळ्या दुसऱ्यांच्या लग्नाच्या. पप्पांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता." मग म्हणाला, "म्हणजे शाळेत मी ज्याची नक्कल करायचो..." आणि तुकडा परत लावला.

उखा बाहेर आला नाही. तुटलेला धागा जोडायचा होता म्हणे.

कार्यक्रम सुरू झाला. तोंड उखाचं, आवाज ललित देतो, माझ्याच खोलीत. त्याला अजून नाकातून नीट जमत नाही. सुरुवातीला पडद्यावर येतं, मुकादमाचा मूळ आवाज भाईदास. ते उखाने माझ्याकडून वाचून घेतलं. मला जोडाक्षरं लागत नाहीत म्हणून त्याचा विश्वास बसला नाही. मग गल्लीतल्या सोनालीकडून वाचून घेतलं.

पर्वत पाटियाची पोरं आता त्याला बोलायला सांगत नाहीत. "काका, भुवई," म्हणतात. तो बोटाने भुवई वर ढकलून दाखवतो. परवा मी विचारलं, वाईट वाटतं का रे? तर म्हणाला, "अर्धी पोरं भुवईकडे बघतच नव्हती. नुसती हसत होती." आणि त्यांना हसायला कुणी सांगितलं असेल, याचा विचार करत बसला.