बंद पाकीट

आमच्या चौथीच्या बाई अंधेरीच्या भाजीबाजारात हमखास भेटतात. भाजीवाल्यालाही त्या वर्गातल्यासारखंच दरडावतात, "कळलं? नाही कळलं तर परत सांगते."

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की बाकीच्या वर्गांत मुलांना जातीवरून उभं करायचे. मी त्याला आजही गुन्हाच म्हणतो. आमच्या बाई मात्र अख्ख्या वर्गाला एकेक बंद पाकीट द्यायच्या. "घरी जाऊनच उघडा." माझ्या पाकिटात अर्ज असायचा. सगळ्यांना ते ठाऊक असणार, ही भीती मी वर्षानुवर्षं बाळगली.

परवा वर्गमित्र जमले, तेव्हा विचारलंच, "तुमच्या पाकिटात काय असायचं रे?"

"पाढे! घरून लिहून आणायचे. वाट लागायची यार," एकजण म्हणाला. "तुला नव्हते?"

"मला शिष्यवृत्तीचा अर्ज."

"म्हणजे तू पाढ्यांतून सुटलास? लबाडा!"

सगळे माझ्यावरच उखडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात बाईंना हे सांगितलं. त्यांनी मेथीची जुडी पिशवीत टाकली.

"मग तुझे राहिलेच की. सतराचा म्हण."

भर बाजारात मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.